व्हॉल्व्हचे जुने रेडिओ: जमवताना, दुरुस्त करताना आणि ऐकताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुना वाडा पाडायला काढला, घर बदललं किंवा वडिलांच्या मागे कपाटं आवरायला घेतली की लाकडी पेटीचा रेडिओ हाती लागतो आणि तो भंगारात घालायचा जीव होत नाही. मग प्रश्न सुरू होतात. साधारण ज्या क्रमाने ते विचारले जातात, त्याच क्रमाने इथे घेतले आहेत. सगळ्या उत्तरांत माझा एक आग्रह दिसेल: काम आतून सुरू करावं, पॉलिश सगळ्यात शेवटी. आणि रेडिओ नुसता शोभेला ठेवू नये, त्याला पुन्हा बोलता करावा.

रेडिओ वीस-तीस वर्षं बंद पडून आहे. प्लग लावून बघू का?

नाही. विकणारा "परवापर्यंत चालू होता" म्हणाला तरी नाही.

व्हॉल्व्हच्या (म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काळातल्या, काचेच्या नळ्यांच्या) सेटमध्ये आत २०० ते ३०० व्होल्ट डीसी दाब खेळतो. तो गुळगुळीत करणारे इलेक्ट्रॉलिटिक कंडेन्सर (वीज साठवणारे भाग, यांनाच फिल्टर कंडेन्सर म्हणतात) वर्षानुवर्षं पडून राहिले की त्यांच्या आतला ऑक्साइडचा थर विरत जातो. अशा कंडेन्सरला एकदम पूर्ण दाब दिला की तो जवळजवळ शॉर्टसारखा वागतो. मेणात बुडवलेल्या कागदी कंडेन्सरांनी तोवर कित्येक पावसाळ्यांची ओल शोषलेली असते. तुम्ही बटण फिरवता, डायलचा दिवा लागतो, मन हरखतं आणि मिनिटा-दोन मिनिटांत जळका वास येतो. जळतो तो बहुधा पॉवर ट्रान्सफॉर्मर (घरची वीज आत घेणारा) किंवा आउटपुट ट्रान्सफॉर्मर (स्पीकरला आवाज पोचवणारा). नेमके हेच दोन भाग आज दुकानात तयार मिळत नाहीत. पन्नास-साठ वर्षं टिकलेली वस्तू त्या एका मिनिटाच्या उत्सुकतेपायी जाते.

त्याऐवजी मागची पाठ उघडा. प्रत्येक बाजूने भरपूर फोटो काढा. कुठला व्हॉल्व्ह कुठल्या सॉकेटमध्ये आहे ते कागदावर उतरवून घ्या. मऊ ब्रशने धूळ काढा. उंदराने कुरतडलेल्या वायरी, वितळून ओघळलेलं मेण, काळे पडलेले रेझिस्टर नजरेनेच सापडतात. वीजवाहक दोरी कडक होऊन तडकली असेल, तर ती आधी बदला.

मग वीज द्यायची तरी कधी आणि कशी?

कागदी आणि इलेक्ट्रॉलिटिक कंडेन्सर बदलून झाल्यावर, आणि तेव्हाही सिरीज बोर्डवरून. इलेक्ट्रिशियनकडे असतो तोच: एक होल्डर, एक सॉकेट, दोन्ही सिरीजमध्ये. होल्डरमध्ये ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब लावायचा. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही.

पॉवर ट्रान्सफॉर्मर असलेला सेट असेल (नसलेल्यांबद्दल पुढे येईल) तर आधी सगळे व्हॉल्व्ह काढून वीज द्या. बल्ब विझलेला राहिला किंवा नुसता लालसर झाला, तर ट्रान्सफॉर्मर शाबूत आहे. तो झगझगीत पेटला तर वेटोळी आत शॉर्ट झाली आहेत, तिथेच थांबा. मग व्हॉल्व्ह बसवा. आता बल्ब सुरुवातीला उजळतो, व्हॉल्व्ह तापू लागले की मंदावतो आणि मध्यम उजेडावर स्थिरावतो. हा उतार पाहताना सेटची नाडी कळते. स्पीकर मात्र कायम जोडलेला हवा. त्याच्याशिवाय सेट चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर आतल्या आत ठिणगी पडून जातो.

आणि प्लग काढला म्हणजे धोका संपला असं समजू नका. फिल्टर कंडेन्सर बराच वेळ भरलेले राहतात. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने लावून ते रिकामे करा, मल्टीमीटरवर (पुढे नुसतं मीटर) शून्य पाहा आणि मगच बोट घाला. चालू सेटवर मोजमाप करताना एक हात खिशात ठेवायची जुन्या मेकॅनिक लोकांची शिस्त आहे, ती पाळा.

"सेटला हात लावला की झिणझिण्या येतात." हे नेहमीचंच का?

हे मुळीच नेहमीचं नाही. हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

त्या काळी काही शहरांत घरोघरी डीसी वीज होती, कोलकात्यात तर ती बराच काळ टिकली. म्हणून कंपन्या दोन्हीवर चालणारे एसी-डीसी सेट काढत. त्यांत पॉवर ट्रान्सफॉर्मर नसतो. विजेची एक तार थेट चेसिसला (भाग बसवलेल्या धातूच्या सांगाड्याला) जोडलेली असते. प्लग उलटा बसला की अख्खी चेसिस फेजवर येते. नॉब काढून दांडीला किंवा नॉबच्या छोट्या स्क्रूला बोट लागलं तर तो थेट २३० व्होल्टचा झटका असतो. म्हणूनच कारखान्यात त्या स्क्रूच्या भोकात मेण भरून देत. ते मेण गेलं असेल तर पुन्हा भरा, आणि मागची पाठ नसलेला असा सेट मुलाबाळांच्या घरात लावू नका.

ओळखायचं कसं? व्हॉल्व्हची नावं 'यू'ने सुरू होत असतील (यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूसीएल ८२, यूवाय ८५) तर सेट एसी-डीसी आहे. फिलिप्सच्या मॉडेल नंबरात शेवटचं अक्षर ए असेल तर एसी, यू असेल तर दोन्ही, बी असेल तर बॅटरी. पण अक्षरांवर विसंबू नका, कारण काही सेटमध्ये ऑटोट्रान्सफॉर्मर असतो: दिसायला ट्रान्सफॉर्मर, पण चेसिस जिवंतच. पक्की खात्री मीटरने होते. प्लग भिंतीतून काढलेला, रेडिओचा स्विच चालू. प्लगच्या एकेका पिनेपासून चेसिसपर्यंत रेझिस्टन्स मोजा. एखाद्या पिनेला शून्याच्या आसपास किंवा काहीशे ओहमच आकडा आला तर ती जिवंत चेसिस. अशा सेटवर काम करायचं तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवरच (सेटला घरच्या विजेपासून वेगळा ठेवणाऱ्या) करा. तो आणायची तयारी नसेल, तर हा सेट जाणत्याकडे द्या.

व्हॉल्व्हवरच्या अक्षरांतून काय कळतं?

भारतात आलेल्या बहुतेक सेटमध्ये युरोपीय पद्धतीची नावं आहेत आणि ती वाचता आली तर अर्धी सर्किट डोळ्यांपुढे उभी राहते. पहिलं अक्षर फिलामेंटचं: ई म्हणजे ६.३ व्होल्ट, यू म्हणजे सिरीजमध्ये १०० मिलिअँपिअर, डी म्हणजे बॅटरीचा १.४ व्होल्ट. पुढची अक्षरं आतल्या रचनेची: सी ट्रायोड (आत तीन इलेक्ट्रोड), एफ पेंटोड (पाच), एल आउटपुटचा पेंटोड, एच हेक्झोड किंवा हेप्टोड, बी जोड-डायोड, वाय अर्ध्या लहरीचा रेक्टिफायर, झेड पूर्ण लहरीचा, एम म्हणजे मॅजिक आय, केंद्र नीट लागलं का ते दाखवणारा हिरवा डोळा. आकड्यांतला पहिला बैठकीचा: ३ असेल तर आठ पिनांची जाड ऑक्टल, ४ असेल तर रिमलॉक, ८ असेल तर नऊ पिनांची नोव्हल, ९ असेल तर सात पिनांची छोटी.

म्हणजे ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईएल ८४, ईझेड ८० अशी रांग दिसली की समजायचं: केंद्र पकडून त्याची फ्रिक्वेन्सी बदलणारा, ती वाढवून त्यातून आवाज वेगळा काढणारा, स्पीकर हलवणारा आणि एसीचा डीसी करणारा. आवाजाच्या पहिल्या पायरीला मध्ये आणखी एक असतो. घरात "पाच व्हॉल्व्हचा रेडिओ" म्हणायचे तो हाच.

व्हॉल्व्ह गेला आहे हे कसं ओळखायचं?

काचेच्या वरच्या टोकाला किंवा बाजूला आरशासारखा चंदेरी डाग असतो, तो गेटर. आत शिल्लक राहिलेली हवा शोषून घेण्यासाठी तिथे बेरिअम उडवलेलं असतं. हा डाग दुधासारखा पांढरा झाला असेल तर काचेत हवा शिरली. तो व्हॉल्व्ह कायमचा गेला. डाग चंदेरी असेल तर फिलामेंटच्या पिनांत मीटरने सलगता पाहा. ती मिळाली तर व्हॉल्व्ह बहुधा कामाचा आहे. व्हॉल्व्ह लोक समजतात त्यापेक्षा पुष्कळ चिवट असतात आणि बंद सेटमध्ये दोष शंभरदा कंडेन्सरचाच निघतो. दुकानदार "सगळे व्हॉल्व्ह बदला" म्हणाला तर सेट घेऊन घरी या.

काच पुसताना सांभाळा. त्यावरची छापील अक्षरं बोटानेही निघून जातात आणि मग तो व्हॉल्व्ह कुठला ते ओळखणं अवघड होऊन बसतं.

नवे व्हॉल्व्ह मिळतात का?

ईएल ८४ आजही तयार होतो, कारण गिटारचे अँप्लिफायर त्यावर चालतात. ईसीएच ८१, ईझेड ८० वगैरे जुन्या साठ्यातले मिळतात. आपल्याकडे बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने रेडिओचे व्हॉल्व्ह मोठ्या प्रमाणावर बनवले. बीईएलचा शिक्का असलेले, खोक्यात बंद व्हॉल्व्ह अजूनही निघतात आणि ते उत्तम असतात. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली इथल्या जुन्या दुकानांत विचारावं. काउंटरवरचा मुलगा नाही म्हणाला तर आत बसलेल्या वडीलधाऱ्यांना विचारावं. मॅजिक आय मात्र वापराने मंद होत जातो, त्यावर उपाय नाही आणि चांगला नग महाग पडतो. तो मंद असला तरी रेडिओच्या आवाजात काही फरक पडत नाही.

कंडेन्सर नक्की कुठले बदलायचे? सगळे?

कागदी सगळे. मेणाचे, डांबराचे, काळ्या किंवा तपकिरी नळीचे, ज्यांवर ०.०१, ०.०५, ०.१ असे आकडे असतात ते. त्यांच्या जागी ६३० व्होल्टचे पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन. थेट विजेच्या तारेवर असलेल्या कंडेन्सरच्या जागी मात्र त्याच कामासाठी प्रमाणित केलेला एक्स-२ किंवा वाय-२ दर्जाचाच हवा. अभ्रकाचे आणि सिरॅमिकचे बहुधा ठीक असतात, त्यांना हात लावू नये.

या सगळ्यांत एक कंडेन्सर असा आहे, की दुसरं काही करायला वेळ नसेल तरी तो बदलाच: आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला (त्यातला प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या जाळीला) आवाज पोचवणारा, साधारण ०.०१ मायक्रोफॅरडचा. त्याच्या एका टोकाला शंभरच्या आसपास डीसी व्होल्ट असतात आणि दुसऱ्या टोकाला शून्य असायला हवेत. तो गळायला लागला की ग्रिडवर धन दाब चढतो, ईएल ८४ मधून प्रवाह वाढत जातो, व्हॉल्व्ह प्रमाणाबाहेर तापतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरची केसासारखी बारीक तार त्या उष्णतेने तुटते. तपासायचं असेल तर त्याचा ग्रिडकडचा पाय सोल्डरमधून सोडवा, सेट चालू करा आणि त्या मोकळ्या पायावर मीटर लावा. एक-दोन व्होल्ट जरी दिसले तरी तो टाकून द्या. नवा बसवल्यावर ईएल ८४ च्या कॅथोडवर (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकावर) ७ व्होल्टच्या आसपास दाब मिळाला की निर्धास्त व्हावं.

फिल्टरच्या इलेक्ट्रॉलिटिकबद्दल एक सूचना. जुन्या डब्यावर ३२+३२ लिहिलेलं असताना "जास्त घातलं तर हम कमी होईल" म्हणून १०० किंवा २२० मायक्रोफॅरड घालणारे पुष्कळ आहेत. सेट चालू होताना मोठा कंडेन्सर भरण्यासाठी रेक्टिफायरमधून जो लोंढा जातो, त्याने रेक्टिफायर मरतो. ईझेड ८० ला पहिल्या कंडेन्सरची मर्यादा ५० मायक्रोफॅरड आहे. ३३ किंवा ४७, ४५० व्होल्टचे घ्या. ॲल्युमिनियमचा मूळ डबा जागेवरच राहू द्या, त्याच्या तारा सोडवा आणि नवे छोटे कंडेन्सर चेसिसच्या खाली लावा. वरून पाहणाऱ्याला सेट कारखान्यातून आला तसा दिसला पाहिजे.

रेझिस्टर मोजून बदला. जुने कार्बनचे रेझिस्टर वयाबरोबर वाढत जातात. लिहिलेल्या आकड्यापेक्षा वीस टक्क्यांहून जास्त वाढलेले तेवढे काढा.

सेट चालू होतो, पण नीट वाजत नाही. दोष कुठे शोधू?

सतत घुमणारा 'हम' असेल तर फिल्टर कंडेन्सर. व्हॉल्यूम फिरवताना खरखर असेल तर व्हॉल्यूम कंट्रोलच्या आत साफ करणारा स्प्रे मारून तो वीस-पंचवीस वेळा पूर्ण फिरवा. बँड बदलताना आवाज जात-येत असेल तर बँड स्विचची पानं काळी पडली आहेत. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कागदाची पट्टी पुरते. कुलुपाला मारायचं तेल तिथे वापरू नका, त्यावर धूळ बसून काही महिन्यांत आणखी वाईट होतं.

आवाज अजिबात नाही आणि ईएल ८४ च्या आतली बारीक जाळी लालबुंद दिसते आहे? ताबडतोब बंद करा. आउटपुट ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी (व्हॉल्व्हकडची वेटोळी) तुटली आहे, ॲनोडला (इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या पत्र्याला) दाब मिळत नाही आणि सगळा प्रवाह स्क्रीन ग्रिड ओढते आहे. पुन्हा वेढे भरून देणारे कारागीर मोटार रिवाइंडिंगच्या दुकानांत मिळतात. मूळ ट्रान्सफॉर्मर नमुना म्हणून सोबत न्या.

केंद्र लागतं पण दुबळं, आणि हे सगळं ठीक असेल, तर बऱ्याचदा दोष एरिअलचा असतो. त्याबद्दल पुढे येईल.

आयएफटीचे स्क्रू थोडे फिरवले तर आवाज वाढेल का?

फिरवू नका. आयएफटी म्हणजे बदललेली फ्रिक्वेन्सी पुढे नेणारे छोटे ट्रान्सफॉर्मर. ते कारखान्यात सिग्नल जनरेटर लावून ४५५ किलोहर्ट्झच्या आसपास (कंपनीप्रमाणे थोडं पुढे-मागे) जुळवलेले असतात आणि मेणाने बंद केलेले असतात. आतला लोहचूर्णाचा गाभा ठिसूळ असतो. अडकला आणि जोर लावला की तुटतो. कंडेन्सर बदलल्यावर दहांतल्या नऊ सेटना जुळवणीची गरजच पडत नाही.

डायलची काच मळली आहे. ओल्या फडक्याने पुसू?

पुढची बाजू, हो. मागची, नाही. मुंबई, दिल्ली, सिलोन, लंडन ही नावं काचेच्या आतल्या बाजूला रंगाने छापलेली असतात आणि पन्नास वर्षांनंतर तो रंग काचेला जेमतेम धरून असतो. ओलं फडकं फिरवलं की सिलोन फडक्यावर येतं. काचेच्या मागून फक्त सुका, मऊ ब्रश, रंगकामाच्या पेटीत असतो तसला. ती नावं गेली तर सेटचा चेहरा गेला, आणि तशी काच पुन्हा मिळत नाही.

काटा हलत नसेल तर डायलची डोरी तुटलेली किंवा घसरलेली असते. जुनी काढण्याआधी तिचा मार्ग कागदावर काढून घ्या: कुठल्या पुलीवरून, कुठल्या बाजूने, ट्यूनिंगच्या दांडीला किती वेढे. साधा शिलाईचा नायलॉन ताणतो आणि घसरतो; मासेमारीची विणलेली दोरी चांगली चालते. गँग (ट्यूनिंगच्या नॉबने फिरणारी पानं) पूर्ण मिटलेली असताना काटा मीटरच्या मोठ्या आकड्यांकडच्या टोकाला बांधायचा.

पेटीला पॉलिश कसं करावं?

आधी ठरवा, की करायलाच हवं का. पेटीवर दिसतो तो सागवानाचा ठोकळा नसतो. प्लायवर चिकटवलेलं मिलिमीटरपेक्षा पातळ व्हिनिअर असतं. सुतार मशीनने घासायला बसला की पाच मिनिटांत खालचा प्लाय उघडा पडतो. बहुतेक पेट्यांना कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून, सुकवून, मेणाचा हात दिला एवढंही पुरतं. कोपऱ्यावरचे ओरखडे, सिगारेटचा डाग, वर ठेवलेल्या फुलदाणीचं वर्तुळ यांतून त्या रेडिओचा घरातला वावर दिसतो. मी ते ठेवतो.

पॉलिश फारच गेलं असेल तर आतल्या कोपऱ्यात स्पिरिटचा थेंब लावून बघा. चिकट झालं तर मूळ पॉलिश चपडीचं आहे. त्यावर चपडीचंच स्पिरिट पॉलिश, बोळ्याने, पातळ हात देत करावं. स्पिरिटने काही झालं नाही तर बहुधा लॅकर आहे आणि त्यावर चपडी फासण्यापेक्षा नुसतं साफ करणं बरं. फुगलेलं, सुटलेलं व्हिनिअर पाहून घाबरू नका. खाली सरस असतो. वर कापड ठेवून कोमट इस्त्री दाबली की तो मऊ होतो. वजन ठेवून रात्रभर सोडा.

बेकेलाइटची पेटी असेल तर चेसिस काढून साबणाच्या पाण्याने पटकन धुवा, पुसा, मग पितळ चमकवायच्या पॉलिशने हलक्या हाताने घासा. भिजत घालू नका. उन्हात ठेवाल तर तकाकी जाईल.

कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात रेडिओ कसा सांभाळावा?

वाजवून. आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवला की व्हॉल्व्हची ऊब आतली ओल हटवते. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवणं सगळ्यात वाईट, आत बुरशी धरते. भिंतीपासून वितभर लांब ठेवा. हवाही खेळते आणि वाळवीचा रस्ताही तुटतो. डांबराच्या गोळ्या पेटीत टाकू नका, काही प्रकारचं प्लॅस्टिक त्यांच्या वाफेने मऊ पडतं. खाली बारीक ताजा भुसा पडलेला दिसला तर पेटी पोखरणारे किडे जिवंत आहेत. तो सेट बाकीच्या संग्रहापासून आधी वेगळा करा.

आज त्यावर ऐकायला येतं तरी काय?

मिडियम वेव्हवर आकाशवाणी. मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर, पुणे ७९२ वर, सांगली १२५१ वर. पण गेल्या काही वर्षांत मिडियम वेव्हचे बरेच प्रक्षेपक बंद होत आले आहेत, तेव्हा आपल्या भागातलं केंद्र चालू आहे ना, ते एखाद्या साध्या ट्रान्झिस्टरवर आधी पाहून घ्या. नाहीतर चांगल्या सेटमध्ये दोष शोधत बसाल.

जुन्या डायलवर आकडे मीटरमध्ये असतात. ३,००,००० ला किलोहर्ट्झने भागलं की मीटर मिळतात: ५५८ म्हणजे साधारण ५३८ मीटर, ७९२ म्हणजे ३७९. डायलवर 'मुंबई' लिहिलेल्या जागी मुंबई लागत नसेल तर तो सेटचा दोष नाही. आशिया, युरोप, आफ्रिका अशा भागांतल्या मिडियम वेव्ह केंद्रांची नवी वाटणी नोव्हेंबर १९७८ मध्ये लागू झाली आणि डायल त्याआधीचा आहे.

सूर्य मावळल्यावर बसा. दिवसा मिडियम वेव्ह शोषून घेणारा वातावरणातला थर रात्री विरतो आणि शेकडो किलोमीटरवरची केंद्रं येऊ लागतात. शॉर्ट वेव्ह आता पूर्वीइतकी गजबजलेली नाही, तरी २५, ३१ आणि ४१ मीटरवर संध्याकाळी आवाज सापडतात. याच पट्ट्यांवर आपल्या आधीच्या पिढीने रेडिओ सिलोन ऐकलं. १९५२ नंतर आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं, श्रोते सिलोनकडे वळले, आणि १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू झाली ती त्यांना परत आणण्यासाठी. शॉर्ट वेव्ह स्वच्छ लागणं हा त्या काळी रेडिओ निवडण्याचा मोठा निकष होता, तो यामुळे.

एफएमची अपेक्षा ठेवू नका. भारतात ते प्रसारण १९७७ साली मद्रासला सुरू झालं. आपल्याकडच्या व्हॉल्व्हच्या सेटांची सद्दी तोवर संपत आली होती.

एरिअल काय लावू?

आठ-दहा मीटर साधी वायर, जमेल तितकी उंच, शक्यतो घराबाहेर. जुन्या घरांत भिंतीच्या कडेने ताणलेली तांब्याच्या जाळीची पट्टी असायची. ती असेल तर तीच साफ करून लावा, अजून उत्तम चालते. खरी अडचण घरातल्या खरखरीची आहे. एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर हे सगळे मिडियम वेव्हवर ओरडतात. एकदा घराचा मेन स्विच बंद करून बॅटरीच्या ट्रान्झिस्टरवर ऐका, मग एकेक उपकरण चालू करत जा. गुन्हेगार बहुधा एखादा स्वस्त चार्जर निघतो. आकाश गडगडायला लागलं की बाहेरची एरिअल सेटमधून काढून ठेवायची.

आतलं सगळं काढून ब्लूटूथ स्पीकर बसवला तर?

कृपा करून नको. रिकाम्या पेटीत बसवलेला ब्लूटूथ बोर्ड दोन-तीन वर्षांत बंद पडतो आणि तोवर चेसिस भंगारात गेलेली असते. फोनवरची गाणी ऐकायची असतील तर बहुतेक सेटच्या मागे ग्रामोफोनसाठी दोन भोकांचं पिकअप सॉकेट आहे. डाव्या-उजव्या आवाजाच्या तारा एकेका १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून एकत्र करून तिथे जोडा. ईएल ८४ आणि मोठ्या लाकडी पेटीतून येणारा आवाज ऐकल्यावर ब्लूटूथ स्पीकरची आठवण राहत नाही. मात्र हे फक्त ट्रान्सफॉर्मरच्या, मीटरने तपासलेल्या सेटवर. जिवंत चेसिसच्या सेटला फोन जोडलात तर फोन हातात धरणारा माणूस थेट विजेला जोडला जाईल.

पहिला सेट कुठला आणि कुठून घ्यावा?

पाच व्हॉल्व्हचा, ट्रान्सफॉर्मरचा, 'ई' मालिकेचे नोव्हल व्हॉल्व्ह असलेला, १९५५ ते १९६५ च्या सुमाराचा. ठाण्याच्या कारखान्यातला मर्फी, फिलिप्स, बुश, नॅशनल एको, टेलेरॅड, एचएमव्ही, जीईसी. नावापेक्षा अवस्था पाहा. मुंबईचा चोर बाजार आणि पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार ही नेहमीची ठिकाणं, पण सर्वांत चांगले सेट नातेवाइकांच्या माळ्यावर असतात. चार लोकांना सांगून ठेवा.

बाजारात जाताना मीटर खिशात असू द्या. प्लगच्या दोन पिनांत काही दहा ओहम मिळाले तर पॉवर ट्रान्सफॉर्मर तुटलेला नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला काहीशे ओहम हवेत. डायलची काच अखंड, नॉब मूळचे, पाठीचा पुठ्ठा जागेवर, स्पीकरचा कागद न फाटलेला. एवढं असेल तर पेटी कितीही कळकट असो, घ्या. नव्या पॉलिशने चकाकणारा आणि पाठ स्क्रूने घट्ट बंद केलेला सेट उघडून दाखवल्याशिवाय घेऊ नका.

गावाकडे वीज नव्हती, तरी आमच्याकडे रेडिओ होता. तो चालेल का?

तो ड्राय बॅटरीचा असणार: डीके ९६, डीएफ ९६, डीएएफ ९६, डीएल ९६ असे चार व्हॉल्व्ह, फिलामेंटला १.४ व्होल्ट आणि मुख्य पुरवठा ९० व्होल्ट. दोन्ही एकत्र असलेला तो मोठा बॅटरीचा ठोकळा आता मिळत नाही, पण ९ व्होल्टच्या दहा छोट्या बॅटऱ्या सिरीजमध्ये लावल्या की ९० होतात, आणि फिलामेंटला टॉर्चचा एक मोठा सेल पुरतो. चारही व्हॉल्व्ह मिळून फक्त १२५ मिलिअँपिअर घेतात. जोडण्या तीनदा तपासा. ९० व्होल्ट चुकून फिलामेंटला लागले तर चारही व्हॉल्व्ह एका क्षणात जातात. व्हॉल्व्ह पेटलेले दिसत नाहीत म्हणून घाबरू नका. यांची तार अंधारातही जेमतेम दिसते. वीज जोडायची नसल्यामुळे झटक्याचा धोकाही कमी, आणि विजेची खरखर जवळजवळ नाहीच. शेतावरच्या घरात रात्री असा सेट लावून पाहा.

रेडिओबरोबर पोस्टाची जुनी पुस्तिका सापडली. ती ठेवायची का?

जरूर ठेवा. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याखाली रेडिओ बाळगायला लायसन्स लागायचं आणि दरवर्षी पोस्टात फी भरून त्यावर शिक्का घ्यायचा. १९८० च्या दशकाच्या मध्यावर ते बंद झालं. आज रेडिओ ऐकायला कसलाही परवाना लागत नाही. शिक्क्यांच्या तारखांवरून सेट घरात कधीपासून होता ते कळतं. ती पुस्तिका, खरेदीची पावती, छापील सर्किट, सगळं एका पाकिटात घालून सेटच्या जवळ ठेवा, पण पेटीच्या आत नको. व्हॉल्व्हच्या उष्णतेने कागद करपतो. तुम्ही काय काय बदललं त्याची यादीही त्यातच घाला, आणि काढलेले मूळ भाग वेगळ्या डबीत. पुढच्या माणसाला ते लागतात.

मुलगी अमेरिकेत आहे, तिला आजोबांचा रेडिओ न्यायचा आहे. तिथे चालेल?

चालेल. तिथे १२० व्होल्ट आहेत, तेव्हा दाब वाढवणारा, किमान १०० वॅटचा ट्रान्सफॉर्मर लागेल. तो ऑटोट्रान्सफॉर्मर असू शकतो, म्हणजे जिवंत चेसिसच्या सेटला त्याचं संरक्षण धरू नये. काही सेटच्या मागे ११० पासून २४५ पर्यंत दाब निवडायची पट्टी असते. तशी असेल तर १२० ला जवळची, पण त्याहून वरची जागा निवडावी. आपल्याकडेही ती सर्वांत वरच्या जागेवर ठेवलेली बरी. ६० हर्ट्झने काही बिघडत नाही. प्रवासात व्हॉल्व्ह काढून, एकेक कागदात गुंडाळून, खुणेसह हातातल्या बॅगेत न्यावेत. जड ट्रान्सफॉर्मरखाली थर्माकोलचा आधार द्यावा, नाहीतर चेसिस स्क्रूमधून निसटून डायलच्या काचेवर येते.